आर्डिथ बीलचे सोललेले पाव

एलरी लॅथ्रपने शर्यतीच्या दिवशी चुकीचे पाव आणले. एखाददुसरं पाकीट नव्हे. पिकअपच्या हौद्यात मावले तेवढे सगळे.

आता एलरीला मूर्ख म्हणावं तर तसं नाही. मेनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या स्पार कोव्हमधल्या अर्ध्या होड्यांची इंजिनं त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेली आहेत. पण तो मूळचा कनेटिकटचा, आणि कनेटिकटच्या माणसासमोर लॉबस्टर रोलचा, म्हणजे शेवंड भरलेल्या पावाचा, विषय निघाला की त्याचे डोळे, कान, हात सगळे जिभेच्या दिमतीला जातात. त्या पहाटे तालुक्याच्या बेकरीत तेच झालं. बेकरीवाला एवढंच म्हणाला, "काय एलरी, सासूने अजून तुझं गरम बटर तव्याजवळ येऊ दिलं नाही ना?"

झालं. मेनवाले शेवंडाचं मांस थंडगार करून त्याला मेयोनीज चोपडतात, म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारतात. आमच्याकडे मांस गरम असतं, वरून पातळ बटर ओततात, ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं की कुठे जेवल्यासारखं वाटतं, असं एलरी सांगत राहिला आणि सांगता सांगता दाराजवळचे क्रेट गाडीत चढवत राहिला. क्रेटवर कागद झाकलेला होता. कागद वर करून बघावं हे एरवी त्याला सुचलंही असतं. पण तेव्हा तो रोलमध्ये सेलरीचे कुरकुरीत देठ घालणाऱ्या लाँग आयलंडवाल्यांपर्यंत पोचला होता, आणि तिथून परत येणं सोपं नसतं.

धक्क्यावर तो कागद आर्डिथने वर केला.

आर्डिथ बील म्हणजे एलरीची सासू. साठी उलटलेली, अंगाने आटोपशीर, आवाजाने नव्हे. धक्क्याच्या टोकाला तिची टपरी. वर हिरवं छप्पर, पुढे कठडा, आत एक तवा आणि मांस थंड ठेवायला एक जुना फ्रीज, ज्याचं दार गुडघ्याने लावावं लागतं. जावयाला ती खूश असली तर 'पोरा' म्हणते, रोजच्या कामात 'एलरी' म्हणते, आणि 'जावईबापू' म्हणाली की एलरी मनातल्या मनात लाइफ जॅकेट शोधू लागतो.

"जावईबापू," आर्डिथ म्हणाली, "हे काय आहे?"

"पाव."

"ते मलाही दिसतंय. चीर कुठे आहे?"

एलरीने पाहिलं. चीर कुशीला होती.

आमच्याकडचा पाव डोक्यावर चिरलेला असतो. शेजारी शेजारी चिकटून भाजलेला असल्यामुळे लादीतून सोडवला की त्याच्या दोन्ही कुशी उघड्या, पांढऱ्या, मऊ. त्या कुशींना बटर लावून तव्यावर परतलं की बाहेरून दोन सोनेरी कुरकुरीत भिंती, आत ऊब, आणि अख्खा रोल ताटात सरळ उभा. एलरीने आणलेले पाव मात्र चहूबाजूंनी बंद, गुबगुबीत आणि टकलासारखे चकचकीत होते. असल्या पावाला बटर लावायचं म्हणजे रेनकोटाला तेल चोळायचं. बरं, एवढ्या एका बाबतीत मेन आणि कनेटिकटचं एकमत आहे, त्यामुळे 'आमच्याकडे असंच असतं' म्हणायचीही त्याला सोय नव्हती.

बेकरीत फोन केला. बेकरीवाला हसला, मग हसायचा थांबला. आर्डिथचे पाव तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात गेले होते. न्यूयॉर्कची पोरं तिथे पोहायला येतात. त्यांच्यासाठी खास मागवलेले कुशीचे पाव इथे, आणि इथले पाव तिथे.

"परत आणतो मी, आई," एलरी म्हणाला. "तासाभराचा तर रस्ता आहे."

"जायला तासाभराचा. यायला तासाभराचा. आणि पोरांनी तोवर त्यात सॉसेज भरले असतील. त्यांच्या तोंडातून काढून आणणार आहेस?"

गावातल्या दुकानात बघण्यात अर्थ नव्हता. होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी घराघरात शेगड्या पेटतात. दुकानातली पावाची फळी आदल्या संध्याकाळीच उघडी पडते.

दुसरा कुठलाही दिवस असता तर आर्डिथने टपरीला कुलूप लावलं असतं आणि एलरीला नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत बोलून घेतलं असतं. पण त्या दिवशी टपरीच पणाला लागलेली होती.

त्याचं असं झालं की वसंतात मच्छीमार सोसायटीकडे पोर्टलंडहून एक अर्ज आला. ग्रेडन व्हिटकॉम नावाचा शेफ. पोर्टलंडला त्याचं रेस्तराँ आहे, तिथे टेबल मिळायला फोन करून नाव नोंदवावं लागतं. त्याला धक्क्याच्या टोकाची जागा हवी होती आणि तो आर्डिथपेक्षा पुष्कळ जास्त भाडं द्यायला तयार होता. सोसायटीचे चेअरमन व्हाइनल ॲली यांना त्या भाड्यातून माल उचलायची नवी यारी घ्यायची होती. जुन्या यारीने मागच्या वर्षी आमिषाचं पिंप त्यांच्या पाठीवर सोडलं होतं, आणि वासापायी आठवडाभर घरच्यांनी त्यांना पडवीत झोपवलं होतं.

"तुझ्याशी वैर नाही माझं, आर्डिथ," व्हाइनल तेव्हा म्हणाले होते. "पण यारी बघ ना तू."

"यारी बघितली. तुझी पाठही बघितली. पिंप डोक्यावर पडलं असतं तर हा अर्ज तू समजून वाचला असतास."

शेवटी सोसायटीने जुनी रीत काढली. आमच्याकडे वाद चिघळला की कागदावर मतं घेत नाहीत, बोये टांगतात. प्रत्येकाच्या बोयाचा रंग वेगळा, समुद्रात कुठला सापळा कुणाचा हे त्यावरूनच कळतं. त्यामुळे बोया टांगला की मत कुणाचं हे अख्ख्या गावाला दिसतं आणि नंतर कुणाला काखा वर करता येत नाहीत. ठरलं असं, की शर्यतीच्या दिवशी दोघांनी धक्क्यावर रोल विकावे आणि शेवटच्या शर्यतीनंतर सभासदांनी ज्याच्या कठड्याला हवा त्याच्या कठड्याला बोया टांगावा. ज्याचे बोये जास्त, त्याची पुढची पाच वर्षं. हरलेल्याने हमरस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी जावं. तिथून समुद्र दिसत नाही. टायरात हवा भरणारा माणूस दिसतो.

आर्डिथने बघितलेल्या जगात धक्क्यासारखी दुसरी जागा नव्हती. आणि तिने जग बघितलेलं नाही असं समजू नका. दर ऑक्टोबरला टपरी बंद केली की ती गाडी काढते आणि किनारा धरून खाली उतरत जाते. एका वर्षी मॅसॅच्युसेट्सपर्यंत, एका वर्षी थेट लाँग आयलंडपर्यंत, एकदा उलटी वर कॅनडात. वाटेतल्या प्रत्येक नावाजलेल्या खाणावळीत एकच रोल मागवायचा, पाव उलटा करून बूड बघायचं, मांस बाजूला सारून किती शेपूट आणि किती नांग्या ते बघायचं, आणि मग खायचं. "सेलरी का घालतात ठाऊक आहे? चावल्याचा आवाज यावा म्हणून. शेवंड कमी असलं की आवाज लागतो." कॅनडातल्या लेट्यूसच्या पानाबद्दल: "मांसाला अंथरूण कशाला?" कनेटिकटच्या गरम बटराबद्दल ती जावयासमोर बोलत नाही. जावई दाराबाहेर जाईपर्यंत थांबते. ऱ्होड आयलंडमधली एक कालवांची खाणावळ मात्र तिला मनापासून आवडते. हे कबूल करायला तिला तीन ऑक्टोबर लागले, आणि कबूल केल्यावर ती म्हणाली, "त्यांच्याकडे शेवंड नाही ना, म्हणून."

तर अशी ही बाई चुकीच्या पावांच्या ढिगासमोर उभी होती. पलीकडे शंभर पावलांवर व्हिटकॉमच्या चकचकीत गाडीचं शटर वर जात होतं.

तिने एक पाव उचलला. आधी सरळ धरला, मग पालथा, मग आडवा केला. मासळीचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे पाहावं तसा तिने तो बोटांत फिरवला. पाव आडवा केल्यावर कुशीची चीर वर आली.

"एलरी."

'जावईबापू' नाही म्हटल्यावर एलरीच्या जिवात जीव आला. "हां, आई?"

"हा आता डोक्यावर चिरलेला आहे की नाही?"

"आहे. पण बाजू? एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला बूड."

"सोलायच्या."

तिने सुरी घेतली. सुरीखाली मऊ पाव दबून चपटा झाला. दुसरा घेतला, तोही बसला. सुरी तिने ओट्यावर ठेवली, क्षणभर तव्याकडे बघत राहिली, आणि मग टपरीतून बाहेर पडून सरळ पिकअपमध्ये जाऊन बसली. एलरीला वाटलं, निघाली. पण आर्डिथने किल्लीही लावली नाही. तिने हॉर्नवर तळहात ठेवला आणि दाबला. लांब. लांब. मग आखूड. आणि पुन्हा पहिल्यापासून.

एलरीला या गावात येऊन दहा वर्षं झाली, पण या आवाजाचा अर्थ त्याला लागेना. गावातल्या बायकांना मात्र लागला.

ही तारल्या डब्यात भरायच्या कारखान्याच्या भोंग्याची खूण होती. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, तिथे आता कुणाच्या तरी होड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात. पण चालू होता तेव्हा मासळीची बोट लागली की हा भोंगा व्हायचा, पहाटे असो की भर जेवणात, आणि बायका हातातलं टाकून कात्र्या घेऊन पळत सुटायच्या. कात्रीने तारलीचं डोकं उडवायचं, शेपूट उडवायचं, डब्यात बसवायची, पुढचा डबा. आर्डिथ सोळाव्या वर्षी तिथे लागली आणि विशीत जिल्ह्याच्या पॅकिंग स्पर्धेत पहिली आली. तिची बोटं दिसायचीच नाहीत म्हणे, नुसती कात्री चमकायची. बक्षीस म्हणून तिला एक इस्त्री मिळाली होती. ती इस्त्री तिने एकदाही वापरली नाही. टपरीच्या दाराला अडण म्हणून लावते. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात बाकीच्या बायका रडल्या. आर्डिथने नवऱ्याला, मर्लला, सांगितलं, "मोडलेल्या सापळ्यांची लाकडं टाकू नकोस." त्या लाकडांची टपरी झाली. मर्ल आता नाही, टपरी आहे.

हॉर्न वाजला आणि दहा मिनिटांत ऊना डायर आली, केसांना कर्लर तसेच. तिच्यामागे फिलीना कार्व्हर, पायात सपाता, आणि हातात, देवाशपथ, तीच कात्री. मग आणखी पाच-सहा जणी. एकीनेही 'काय झालं' असं विचारलं नाही. ऊनाने नाकपुड्या फुगवून फक्त विचारलं, "बोट कुठाय?"

"बोट नाही," आर्डिथ म्हणाली. "पाव आहेत. जावयाने आणलेत."

सगळ्यांनी एलरीकडे बघितलं. अशा नजरांखाली एलरी आधी एकदाच उभा राहिला होता, लग्नात.

"कनेटिकट," फिलीना एवढंच म्हणाली, आणि बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायला बसली. कारखान्यात तशीच गुंडाळायच्या, कात्रीने बोटं सोलू नयेत म्हणून.

मग जे सुरू झालं ते एलरी आयुष्यात विसरणार नाही. मऊ पाव सुरीखाली दबतो. कात्रीला मात्र तो दबायच्या आत कापता येतो. पाव आडवा, कच्च, टक्कल गेलं, उलटा, कच्च, बूड गेलं, क्रेटमध्ये. बायकांच्या खांद्यापासून वरचा भाग गप्पा मारत होता आणि खालचा भाग काम करत होता, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"ऊना," फिलीना म्हणाली, "जाड कापतेयस. तारली नाही ती."

"माझ्या हाताला जे वळण लागलंय ते लागलंय. तुझी तेव्हाही पातळ असायची, फोरमन ओरडायचा."

"फोरमन तुझ्यावर ओरडायचा, कारण तुझ्या डब्यात डोकी सापडायची."

"एकदा! एकदाच सापडलं!"

"जावईबापू," फिलीना म्हणाली, "क्रेट. क्रेट पुढे. बोट वाहून चालली का?"

एलरी क्रेट देत आणि घेत होता. कापलेली टकलं आणि बुडं व्हाइनल ॲलींच्या कोंबड्यांसाठी पिंपात टाकत होता. एरवी त्याला टपरीत दोनच कामं मिळायची, कचरा आणि सोड्याच्या बाटल्या. आज पहिल्यांदाच त्याला पावाला हात लावू दिला होता, आणि तोही चुकीचा पाव असल्यामुळे.

पहिला सोललेला पाव आर्डिथने दोन्ही उघड्या कुशींना बटर लावून तव्यावर टाकला. एरवी पाव बटर पितो. हा पाव ढोसायला लागला. कापलेला ताजा गर, त्याला थांबवायला काही नाही. सोनेरी झाला, मग त्याच्याही पुढे गेला, कडेला जाळीदार, पातळ बिस्किटासारखा. आर्डिथने त्यात शेवंडाचं थंड मांस भरलं. नांगीचे अख्खे तुकडे वर, शेपटीचे खाली, मेयोनीज नावाला. अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा ऊनाला दिला.

फक्त चावल्याचा आवाज आला, आणि त्यात सेलरी नव्हती.

"नेहमीच्यापेक्षा..." ऊना म्हणायला लागली.

"गप," आर्डिथ म्हणाली. "बेकरीवाल्याला कळलं तर भाव वाढवेल."

साडेनवाला व्हिटकॉमच्या गाडीसमोर आमच्यापेक्षा मोठी रांग होती. उन्हाळी पाहुणे सगळे तिकडे. त्याच्या रोलचा पाव अंड्याचा, गोडसर, केशरी. आत गरम मांस, वर परतून बदामी केलेलं बटर, त्यावर बारीक चिरलेली पात, आणि ते सगळं एका लाकडी फळीवर. "फळीवर वाढतोय," आर्डिथ तव्यावरून नजर न उचलता म्हणाली. "आमच्याकडे फळीवर मासळी साफ करतात." वारा तिकडून आला की गरम बटराचा वास एलरीच्या नाकात शिरायचा आणि एलरी सोड्याच्या बाटल्या उगीचच दुसऱ्यांदा पुसायचा. हा त्याच्या गावचा वास होता. त्याच्या शत्रूच्या गाडीतून येत होता, ही गोष्ट वेगळी.

मग शर्यती सुरू झाल्या. इंजिनांनी खाडी दणाणून सोडली. आमच्या टपरीवर गावातली माणसं, मग शेजारच्या खाडीतली, मग पाहुण्यांमधलीही दुसऱ्यांदा खाणारी यायला लागली. तवा रिकामा राहीना. आणि अकराच्या सुमारास आर्डिथने फ्रीज उघडला, गुडघ्याने बंद केला, पुन्हा उघडला.

बटर संपलं होतं. पाव एरवीच्या दुप्पट प्यायले होते.

"दुकानात?" एलरी म्हणाला.

"शर्यतीच्या दिवशी? दुकानात आता बटर काय, मालकही नसेल."

दोघांनी एकाच दिशेने बघितलं, आणि दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं.

"मी नाही जाणार," आर्डिथ म्हणाली.

"मी जाऊ?"

"मी तुला जा म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंत."

"मला माहीतच नाही तू कुठे चाललायस."

एलरी गेला. व्हिटकॉम तिशीतला, दमलेला, घामाघूम माणूस निघाला. हातावर भाजल्याचे डाग, बोलायला साधा. एलरीने आडपडदा न ठेवता सांगितलं. व्हिटकॉमने टपरीच्या रांगेकडे बघितलं, मग एलरीकडे.

"तुम्हाला ठाऊक आहे ना संध्याकाळी काय आहे?"

"आहे."

"आणि मी तुम्हाला बटर द्यावं?"

"धक्क्यावर कुणी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत," एलरी म्हणाला. हे खरं होतं. इथे दोर, डिझेल, आमिष काहीही मागा, शिव्या मिळतील पण वस्तूही मिळेल. "पण तुम्ही अजून धक्क्यावरचे नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

व्हिटकॉम हसला. खोकं काढून दिलं, परदेशी बटर, सोनेरी कागदात. वर म्हणाला, "तुम्ही कनेटिकटचे ना? बोलण्यावरून वाटलं. हा खाऊन बघा." आणि एक गरम रोल हातात ठेवला.

एलरी गाडीच्या मागे गेला. तीन घासांत तो रोल संपला. त्या तीन घासांत आईचं स्वयंपाकघर होतं, बापाची जुनी होडी होती, आणि बहुतेक थोडा देशद्रोहही होता. मग त्याने तोंड नीट पुसलं, खोकं उचललं आणि सरळ चेहऱ्याने टपरीत आला.

आर्डिथने खोक्याकडे बघितलं नाही. "कोपर पूस," ती म्हणाली.

मग बटर चाखून म्हणाली, "याच्यात मीठच नाही. पोर्टलंड!" आणि तव्यावर चिमूटभर मीठ टाकून पुढच्या पावाकडे वळली.

खरा निकाल लागला तो खाडीत. आमच्याकडे शर्यतीच्या दिवशी होडीवाले किनाऱ्यावर येत नाहीत. होड्या एकमेकींना बांधून मधोमध तरंगत ठेवतात, एकीवरून दुसरीवर चालत जातात, आपली पाळी आली की सोडवून पळवतात. ज्यांची मतं हवी ती माणसं सगळी तिथे, आणि जुलै असला तरी तिथला वारा अंगातल्या हाडांची चौकशी करणारा. आर्डिथने रोल उभे करून खोक्यांत भरले आणि एलरीला छोट्या होडक्यात, डिंगीत, बसवलं. व्हिटकॉमनेही आपला माणूस दुसऱ्या डिंगीतून पाठवला. दोघे जवळजवळ एकदमच पोचले.

व्हाइनल ॲलींनी दोन्ही घेतले. चेअरमन होते, न्यायाने वागायला हवं. आधी व्हिटकॉमचा. धक्क्यापासून इथवर येईतो वाऱ्याने त्या बदामी बटराचं काय केलं होतं ते एलरीला लांबूनच दिसलं: गोठून पांढरट साय. गोडसर पाव खालून ओला झालेला. व्हाइनलनी एका हाताने घास घेतला, पाळी जवळ आली म्हणून दुसरा हात सुकाणूवर, आणि पाव मध्येच खचला. अर्धं शेवंड समुद्रात परत गेलं. सापळ्यातून बाहेर काढलेलं शेवंड आपल्या हातून पाण्यात परत जाताना पाहणं हे आमच्याकडच्या माणसाला फार लागतं. लहान निघालं म्हणून सोडणं वेगळं.

"वाऱ्याने झालं ते," एलरी न राहवून म्हणाला. "तिथे, गाडीशी, गरम गरम... फार छान लागतो."

"तू कुणाच्या बाजूने आलायस?" व्हाइनलनी विचारलं.

"सासूच्या. पण खरं ते खरं."

व्हाइनलनी मग आर्डिथचा रोल उचलला. भिंती ताठ, कुरकुरीत. आतलं मांस थंड. वाऱ्याने त्याचं आणखी काय करायचं? एक हात सुकाणूवर, एक हात रोलवर, थेंबही सांडला नाही. ते चावत राहिले, आणि चावता चावता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"पाव बदललाय तिने."

"हो."

"इतकी वर्षं बदलला नव्हता."

"माझ्यामुळे बदलला," एलरी म्हणाला. हेही खरंच होतं.

"आणखी एक दे," व्हाइनल म्हणाले. मागून तिसऱ्या होडीवरून कुणीतरी ओरडलं, "ए एलरी, इकडे! सगळे चेअरमनला देतोस काय?" आणि मग डिंगीवर हातच हात आले. खोकी रिकामी झाली. एलरी परत गेला, भरून आला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला ऊना डायर कर्लर काढून डिंगीत बसून आली. "बघायचंय मला," म्हणाली, "माझी जाड कापलेली कुणाला मिळाली ते."

शेवटची शर्यत संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. होडीवाले बोये खांद्याला अडकवून धक्क्यावर चढले. आर्डिथ तवा घासत होती, लोकांकडे पाठ करून. एलरीने पाहिलं की ती एकच जागा घासतेय.

पहिला बोया व्हाइनल ॲलींचा, नारिंगी, मध्ये पांढरा पट्टा. ते आधी व्हिटकॉमच्या गाडीकडे गेले. व्हाइनलनी व्हिटकॉमचा हात हातात घेऊन हलवला, काहीतरी बोलले, मग तिथून तसेच चालत टपरीशी आले आणि बोया कठड्याला अडकवला.

"यारीचं काय?" आर्डिथने पाठमोरीच विचारलं.

"पाठ शेकून घेईन," व्हाइनल म्हणाले.

मग हिरवा आला, मग निळा-पिवळा, मग काळा-पांढरा. व्हिटकॉमच्या बाजूलाही गेले काही, नाही असं नाही. पण थोड्या वेळाने मोजायची गरजच राहिली नाही. सापळ्यांच्या लाकडाचा तो कठडा करकरायला लागला, मधोमध झुकला, आणि शेवटी लाल बोयाच्या वजनाने कडाडकन मोडून सगळे बोये धक्क्यावर गडगडत सुटले. लोकांनी एवढी आरोळी ठोकली की अजून खाडीत असलेल्यांना वाटलं, आणखी एक शर्यत लागली. बायकांनी कात्र्या हवेत उंचावून वाजवल्या. आर्डिथ वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते तिच्या एकूण अंगातच होतं, ताठ, कुरकुरीत.

"मोडला ना माझा कठडा," ती म्हणाली. "बरं झालं. पाच वर्षं टिकेल असा नवा करा आता."

त्या आठवड्यात बेकरीवाल्याने माफी मागत नेहमीचे पाव पाठवले. आर्डिथने ते परत धाडले आणि कुशीचे मागवले. आता दर शनिवारी पहाटे ऊना, फिलीना आणि बाकीच्या टपरीत बसतात, चिकटपट्टी गुंडाळून. त्यांना तासाचे पैसे मिळतात आणि फोरमन नाही. एलरी सोड्याच्या बाटल्यांवर परतला आहे; पाव आणायला मात्र त्याला कुणी पाठवत नाही.

व्हिटकॉम पोर्टलंडला गेला नाही. पेट्रोल पंपाशेजारी त्याने गाडी उभी केली, आणि तिथे त्याचं बरं चाललं आहे, कारण तिथे वारा नाही. सोमवारी त्याची सुट्टी असते. तेव्हा तो धक्क्यावर येतो, रांगेत उभा राहतो, रोल घेतो, पाव उलटा करून बूड बघतो आणि विचारतो, "आर्डिथबाई, माझं बटर?"

"देते की," आर्डिथ म्हणते. "अख्खं खोकं देते. पुढच्या सोमवारी ये."

तो पुढच्या सोमवारी येतो.